भंगारातला तुकडा

"अहो, मान खाली घाला, खाली!" मी ह्यांचा शर्ट ओढत होते आणि तो स्टेजवरून आमच्याकडेच हात करत होता. जर्मन मला कळत नव्हतं, पण ह्यांच्या कंपनीचं नाव कळलं, कार्बन कळलं, ह्यांचा उतरलेला चेहरा कळला. रातहाउसचा, म्हणजे नगरपालिकेचा, हॉल टाळ्या वाजवत होता. पुढच्या रांगेतले ह्यांचे साहेब वळून बघत होते, त्यांनी टाळी नाही वाजवली. बाळ माझ्या मांडीवर होतं.

तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा इराणी. तार वाजवायचा, त्यांच्याकडचं जुनं वाद्य, लाकडाच्या भांड्यावर कोकराचं चामडं ताणलेलं. इथल्या दमट हवेत चामडं सैल पडायचं, आवाज बसायचा. कितीतरी वर्षं तो चामड्याऐवजी दुसरं काहीतरी शोधत होता. ह्यांनी कंपनीच्या भंगारातून नव्या गाडीच्या नमुन्याचा एक पातळ तुकडा आणून दिला, कार्बनचा. मुकादमाला तोंडी विचारलं होतं, आपल्याकडे चालतं ना तसं. इथे भंगारसुद्धा कंपनीचं! पण तो तुकडा बसला आणि तार काय वाजायला लागली! माझं किरकिरं बाळ त्या आवाजाने गप्प व्हायचं.

सोमवारी साहेब म्हणाले, तुकडा परत आणा, मी विषय मिटवतो. नाहीतर क्युंडिगुंग. म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीवरचा व्हिसाही गेला.

"मी नाही मागणार," हे म्हणाले. "त्याचा जीव आहे त्यात."

"आणि आपला कशात आहे?"

मीच गेले वर, बाळ कडेवर. तेव्हा युरो नवीन, मला नाणीसुद्धा धड ओळखू येत नव्हती, जर्मन दुकानापुरतं. रडत रडतच सांगितलं.

"हो, हो, श्वेस्टर, कळलं," तो म्हणाला. मला तो श्वेस्टरच म्हणायचा, बहीण. मग म्हणाला, "मी मूर्ख. मला वाटलं, मी आभार मानतोय."

कटर आणला. "जरा धर."

बाळाला खाली ठेवून मी तारची मान धरली. चिकटवलेला तुकडा निघता निघेना, निघाला तो लाकडाची कड घेऊनच.

साहेबांनी तो उलटापालटा करून बघितला आणि ह्यांच्यासमोर त्याच भंगाराच्या पेटीत टाकला.

मग जिन्यात भेटला की तो नुसतं हालो म्हणायचा, बाळाच्या गालाला हात नाही. वरून आवाज यायचा बंद झाला. बाळ रडत राहायचं आणि हे माझ्याशी धड बोलत नव्हते, जशी काही मलाच हौस होती. सांगा ना, तुम्ही काय केलं असतं?