धरण बघायला सफारी
“गोवा-बिवा काय न्हाई, नाताळात पाटणला जायाचं,” वडील एवढ्यानं ओरडले, की विश्रामबागेतली कबुतरं मिरजेला जाऊन बसली. मी फौजेतून रजेवर आलेलो. जन्मात आम्हाला बाजारापलीकडं न नेलेल्या माणसाला एकाएकी कोयनेचं धरण दाखवायचं होतं. माझ्या मनात पाल नव्हे, घोरपड चुकचुकली. त्यात आईनं माझ्यासाठी नवा सफारी शिवून आणला. “धरण बघायला सफारी कशाला?” “गार वारं असतंय तिथं.” पाटणला उतरलो, तर धरण राहिलं बाजूला, एका घराच्या सोप्यात दीडशे माणसं मला बैल निरखावा तशी निरखत बसलेली, आणि आतून पोह्यांची ताटली घेऊन एक मुलगी आली. परतीच्या एस्टीत मी असे दात खाल्ले, की दाढा आजही झिजलेल्या आहेत. “मला आधी का सांगितलं न्हाई?” खिडकीबाहेर बघत वडील म्हणाले, “वैशाखातली रजा आत्ताच टाक.”