घरांपासून लांब

लोडशेडिंगच्या त्या वर्षांत आमच्या कागलकडच्या गावात निम्मा दिवस लाईट नसायची. तरी गावाजवळ सौरऊर्जेचा प्रकल्प येणार म्हटल्यावर ग्रामसभा पेटली, कारण जागा ठरली होती वरच्या गल्लीच्या मागची.

"त्या काचा सगळं ऊन वडून घेत्यात. उसात साखर भरायची न्हाय!" एक बागायतदार ओरडला. दुसऱ्याला म्हशी आटतील अशी भीती होती. तिसरा म्हणाला, उष्णतेनं पोरांना टकलं पडतील आणि त्यांची लग्नं ठरायची नाहीत. त्याचं स्वतःचं टक्कल तेव्हा चांगलंच चमकत होतं. एवढं शास्त्र गावात इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं, कोण जाणे.

शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. प्रकल्प ओढ्यापलीकडच्या गायरानात न्यायचा. झालं! ऊस, म्हशी, टकलं, सगळ्यांवरचं संकट एका वाक्यात टळलं. मघाचा बागायतदार तर गावाच्या विकासावर बोलायला लागला.

"तिकडं घरं तरी कुठं हायत?" सरपंच म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

त्या गायरानाला लागूनच आमची बौद्धवस्ती होती. आमचं दार उघडलं की समोर गायरानच दिसायचं. माझे वडील सभेत मागं, भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "आमची हायत की."

सरपंचांनी वळून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"व्हय की! मग राखणीची बी काळजी मिटली."