काळी चारची खूण

फोनोचाचा साथीच्या तापाने वारले. महिना आश्विन, वार मंगळवार. महाराजांच्या कारकिर्दीतली शेवटची काही वर्षे चालू होती. त्याआधीच्या पंधरवड्यात त्यांनी कोल्हापुरातल्या सात घरांत जाऊन तिथल्या फोनोंवरची, म्हणजे ग्रामोफोनांवरची, आपल्याच हातची खूण पुसायचे ठरवले होते. सहा घरांत ती पुसली गेली. सातवे घर आमचे.

खूण म्हणजे लाखेचा तांबडा ठिपका. तबकडी किती जोरात फिरावी हे ठरवायला फोनोच्या पेटीवर एक काटा असतो. कुणाकडे फोनो आल्याचे कळले की चाचा बोलावण्याची वाट न पाहता जात. कोटाच्या खिशातून बाजाच्या पेटीतला एक सुटा पितळी सूर काढून ओठांशी धरत आणि फुंकत. तो काळी चारचा सूर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. मग बाईंची तबकडी लावत आणि बाईंचा षड्ज त्या सुराला मिळेपर्यंत काटा मागे सरकवत. मिळाला की तिथे लाख. "आता ह्याच्या फुडं काटा न्यायचा न्हाय," एवढे घरच्यांना बजावून निघत. गाणे फार रेंगाळते, अशी तक्रार एका इनामदारांनी केली तेव्हा चाचा म्हणाले, "तुमास्नी कुठं गाडी गाठायची हाय?"

बाई म्हणजे ज्यांच्या मागे बसून चाचांनी अठरा वर्षे सारंगी वाजवली त्या गायिका. मैफलीत त्या नेहमी काळी चारमध्ये गात. त्यांची एकच तबकडी निघाली आणि ती बाजारात येण्याआधीच त्या वारल्या. चाचांनी त्यानंतर मैफल केली नाही. शुक्रवार पेठेत एका खोलीत ते पेट्या, तंबोरे, सारंग्या दुरुस्त करत. मी तेव्हा एका साप्ताहिकात मुद्रिते तपासत असे, म्हणून ते मला छापखाना म्हणत. "काय छापखाना, आज कोन मेलं?" हा त्यांचा रामराम.

खोलीत त्यांचा स्वतःचा एक जुना फोनो होता आणि तेवीस तबकड्या. प्रत्येकीला वाकळेच्या कापडाची पिशवी शिवलेली. संग्रहाचा नियम एकच होता: ज्याला समोर बसून ऐकले नाही, त्याची तबकडी घ्यायची नाही. उत्तरेकडच्या एका मोठ्या गवयाची तबकडी मी त्यांना भेट म्हणून नेली. त्यांनी ती ऐकली, पिशवीत घातली आणि मला परत दिली. "चांगलं गातोय. पर हा असाच गातोय का, हे मी कुनाला इचारू? तबकडीला साक्षीदार लागतोय, छापखाना."

त्या काळी गाणे संपले की गाणारे तबकडीतच आपले नाव सांगत. बाईंनीही सांगितले होते. ते नाव आले की चाचा, घरी असोत की दुसऱ्याकडे, कपाळाला हात लावून सलाम करत. माझी बायको एकदा म्हणाली, "चाचा, त्यास्नी काय दिसतंय व्हय?"

"त्यास्नी न्हाय दिसत," चाचा म्हणाले. "मला दिसतंय की."

तबकडी मुंबईत भरली गेली. त्या दिवसाविषयी चाचा फार बोलत नसत. जे सांगितले ते एवढेच: सारंगी कर्ण्यात नीट उतरत नाही असे कंपनीच्या साहेबाने ठरवले आणि आत पेटीवाला नि तबलजी दोघांनाच घेतले. चाचांना बाहेरच्या बाकावर बसवले. दाराला आतून गाद्या बांधल्या होत्या. बाईंची शाल आणि पानाचा डबा मांडीवर घेऊन ते दुपारपर्यंत बसले. आतले काही ऐकू आले नाही.

तबलजी नंतर मलकापूरला लेकीकडे राहायला गेले. साथ सुरू होण्याच्या सुमारास ते औषधासाठी कोल्हापुरात आले आणि चाचा त्यांना आमच्याकडे घेऊन आले, कारण आमच्या फोनोचा कर्णा मोठा होता. बाईंची तबकडी लावली. तबलजींनी मांडीवर ठेका धरला, दोन आवर्तनांनंतर सोडला.

"हे असं का वाजतंय? मढ्यामागं चालल्यागत?"

"काळी चारला लावलंय," चाचा म्हणाले.

"कुठली काळी चार? त्या दिशी काळी पाच व्हती. साहेब म्हनला, आवाज वर काढा, कर्ण्यात घुसंना. म्हून भरायच्या आदी मी तबला चढवला की. तुला बाई बोलल्या न्हाईत?"

मी कंपनीचे माहितीपत्रक शोधले. त्यात मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे दिले होते. तबकडीवर कागदाचा चिटोरा चिकटवून, घड्याळ समोर ठेवून मी मोजले. चाचांच्या खुणेवर सत्तर भरले. पत्रकाप्रमाणे काटा पुढे नेऊन पुन्हा मोजले आणि सुई टेकवली. आवाज वर गेला, पातळ झाला. ताना एकमेकींच्या अंगावर येऊ लागल्या. दोन ठिकाणी श्वास ऐकू आला. तो खुणेवर कधी ऐकू आला नव्हता. शेवटी बाईंनी नाव सांगितले. चाचांचा हात मांडीवरच राहिला.

"बाई घाबरल्यात," ते म्हणाले.

तबलजी म्हणाले, "घाबरल्या व्हत्याच. तळवं गार पडलं व्हतं त्यांचं. सारकं दाराकडं बगत व्हत्या."

"मी भायेर बसलतो."

"मग? तू तरी काय करनार व्हतास?"

"मी असतो तर सूर चढवू दिला नसता." मग ते म्हणाले, "आन् इतकी वर्सं मी त्यास्नी शांत करून ऐकत आलो."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरले. बोथट चाकूने लाख खरवडायची आणि घरच्यांना सांगायचे, चूक माझी, तबकडीची नाही. इनामदारांनी हसून "सुटलो एकदाचे" म्हटले, त्यांनाही हेच सांगितले. साथीमुळे तोवर पेठांतली बरीच दारे बंद होती. एका घरातून त्यांना दोनदा परत यावे लागले. तिसऱ्यांदा काम झाले.

आमच्याकडे ते सर्वांत शेवटी आले. चाकू काढला तेव्हा माझी बायको फोनोपुढे उभी राहिली. तबकडीवरची चीज ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती. जात्यावर बसली की ती म्हणे.

"न्हाय पुसायची, चाचा. माज्या कानात बाई अशाच हायत्या."

"त्या बाई न्हवंत, पोरी. ते माजं हाय."

"असू दे की तुमचं. तुमी काय परकं हाय?"

चाचांनी चाकू मिटला. "घर तुजं हाय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. पर कुनी इचारलं तर खरं सांगायचं." त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. आमच्या घरी घेतलेला तो पहिला. अंगात कणकण होती असे बायकोला वाटले; तिने विचारले तर नाही म्हणाले. जाताना मला म्हणाले, "छापखाना, लई दारं बंद दिसत्यात. तुमाला काम लई पडनार."

पुढच्या आठ दिवसांत आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. मला ताप होता. त्या दिवसांचे जे माहीत आहे ते त्यांच्या शेजारणीकडून. ती पिंजाऱ्याची बायको. भिंत दोघांत एक. तिने सांगितले ते असे: दुपारची नमाज झाली की फोनो लागे, आणि त्याच्याबरोबर सारंगी. या भिंतीआडून तिने सारंगीची दुरुस्ती ऐकली होती, वाजवणे कधी नाही. "फोनो फुडं पळायचा, ह्ये मागं ऱ्हायचं. मग थांबायचं, खोकायचं, पुन्यांदा पयल्यापास्नं." तिसऱ्या दिवशी काहीतरी तुटल्याचा आवाज आला. त्यानंतर फक्त फोनो. सोमवारी तोही लागला नाही.

मंगळवारी सकाळी पिंजाऱ्याने दार ढकलले. दफन त्याच दिवशी झाले. खांदा द्यायला सहा माणसे होती. त्यांतले दोघे रस्त्यावरून जाणारे.

मी उठून तिथे गेलो तेव्हा दफनानंतरचा चौथा दिवस होता. तबलजी खोलीत होते. सारंगीची पहिली तात, म्हणजे आतड्याची मुख्य तार, तुटून लोंबत होती. तबलजींनी चाचांच्या पेटीतली काळी पाच दाबून धरली आणि सारंगीच्या उरलेल्या तारा एकेक छेडून पाहिल्या. त्या त्याच पट्टीत लावलेल्या होत्या.