गाडीखालचं कोरडं खळं

ते प्रकरण माझ्या अजून लख्ख लक्षात आहे, आणि आठवलं की मान ताठ होते. नावं कुणाचीच लिहिणार नाही. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले.

मे महिन्याची दुपार होती. पावस गावाच्या बाजूच्या एका बागायतदाराचा ठाण्यात फोन आला. मुंबईच्या पाहुण्यांना आंब्याची तोड दाखवायला सगळे बागेत गेले होते. दोन तासांनी परत येतात तर कपाट उघडं आणि बायकोच्या चार पाटल्या गायब. संशय मोलकरणीवर. ठाणे अंमलदारांनी स्टेशन डायरीला नोंद घेतली. फौजदार साहेब मला म्हणाले, "चला, एका बाईला उचलायचंय."

ती मागल्या दारी भांड्यांपाशी बसली होती. विधवा, चाळिशीची. वाडीतल्या चार घरांची धुणीभांडी आणि सारवण तिच्याकडे. चोर ठरली असती तर ती चारही दारं बंद. रडत नव्हती.

"बाय, सकाळी पुढचं खळं सारवलं नि हिकडे मागल्या दारी आले. घरात पाय नाय ठेवला," एवढंच म्हणाली.

साक्षीदार होता पाहुण्यांच्या भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. उकाड्यामुळे इंजिन चालू ठेवून, एसी लावून तो दोन्ही तास गाडीतच बसला होता म्हणे. घरात शिरताना दिसली ती फक्त ही बाई. साहेबांना जबाब पटला.

मला पटला नाही. बंदोबस्ताला मी उन्हात उभी असायचे आणि साहेबलोकांचे ड्रायव्हर उभ्या गाडीत एसी लावून घोरायचे. गाडीखाली पाणी साचायचं, कुत्री येऊन ते चाटायची. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर ते नळासारखं गळतं.

गाडी घरापुढच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच, उभी होती. मी गुडघे टेकून खाली पाहिलं. सकाळचं सारवण, तिच्या बोटांच्या रेघासुद्धा शाबूत. शेणावर थेंब पडला की काळा डाग उठतो. इथे एक डाग नव्हता.

गाडी मध्ये हलवली होती का, असं मी बागायतदाराला विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून तिथेच आहे, ताज्या खळ्यावर चढवली म्हणून मीच त्याला बोललो.

दोन पंच बोलावले. ड्रायव्हरला एसी लावायला सांगून मी शेजारी बसले. गार वाटलं, खोटं कशाला बोलू. पंधरा मिनिटांनी उतरलो, तर खाली ताटाएवढा ओला डाग.

"पंधरा मिनिटांत एवढं," मी म्हटलं. "मग दोन तासांचं पाणी तू प्यायलास?"

साहेबांनी बाजूला घेतल्यावर ड्रायव्हर फार वेळ टिकला नाही. पाटल्या स्टेपनीखाली फडक्यात सापडल्या.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या ड्रायव्हरनं."

बागायतदार तिला हळूच म्हणाला, जा, कामाला लाग. मी त्याला थांबवलं. चोर म्हणताना त्याचा आवाज कुंपणाच्या गडग्यापलीकडे गेला होता, माणसं जमली होती. तेवढ्याच मोठ्यानं आता दुसरं सांगा, म्हटलं. सांगितलंन त्यानं.

तेव्हापासून कुणाला हात लावण्याआधी मी त्याच्या हातचं काम बघत आले. तो चोर मी पकडला, असं लोक म्हणतात, आणि मी पकडलाच. पण अर्धा तिनं पकडला होता, सकाळीच, शेणात हात घालून.