नळावरचं पोळं
रंगाऱ्याने परवा ब्रश धुवायला रॉकेलचा डबा उघडला आणि मला लहानपणीच्या, सोलापुरातल्या भाड्याच्या घराचं मागचं अंगण आठवलं. तिथे नळाच्या वर, छज्ज्याखाली, गांधीलमाश्या दर उन्हाळ्यात पोळं करायच्या. वडील काठीला रॉकेलचा बोळा बांधून ते जाळायचे आणि थोड्याच दिवसांत त्याच काळ्या डागावर नवं पोळं लटकायचं. एका वर्षी आईला माशी चावली, घसा सुजून श्वास अडकला. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांनी तशीच काठी उचलली, तर घरमालकीण आडवी आली. घरात कानडी बोलणारी, महादेवाची भक्त. “सोमवार हाय. आज माज्या घरात जीव मारायचा न्हाय. उद्या जाळा की.” “अहो मावशी, पाणी आज सुटतंय. परत चार दिवस नळ कोरडा,” वडील म्हणाले आणि घागर घेऊन निघाले. तिने ती काढून घेतली. “तुमी बसा. मी अडवलं, मीच भरते.” ओली चादर डोक्यावरून घेऊन ती पोळ्याखाली बसली आणि आधी आमची भांडी भरली. मनगटावर माशी चावली तेव्हा चुना लावून एवढंच म्हणाली, “लई जळजळतंय.” मंगळवारी वडिलांनी पोळं जाळलं. पुढच्या सोमवारी तिथे नवं होतं. आता माझ्या गॅलरीतही पोळं आहे, या उन्हाळ्यातलं तिसरं. फवारा आणून ठेवलाय. आज सोमवार आहे, त्यामुळे उद्या बघू.