सिंकखालची चक्की

मी आयुष्यात एकदाच माणसाच्या डोक्यात काही घातलं, आणि ते होतं कचऱ्याच्या डब्याचं पत्र्याचं झाकण.

मोशीतल्या आमच्या सोसायटीने ओला कचरा आवारातच जिरवायचा असं ठरवलं आणि बिल्डिंगच्या मागे खताचे दोन हौद बांधले. ते नेमके तळमजल्यावरच्या एका माणसाच्या बेडरूमच्या खिडकीखाली आले. वास यायचा. माश्या यायच्या आणि त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या आईच्या तोंडावर बसायच्या. मीटिंगमध्ये तो तीनदा बोलला. आम्ही वरच्या मजल्यांवरच्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेलो. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्यात तो एकटाच दोषी नव्हता.

त्या रविवारी सकाळी मी आमचा डबा घेऊन खाली गेले, तेव्हा साफसफाईच्या मावशी हौदात बादल्या रिकाम्या करत होत्या. तो घरातून बाहेर आला. त्याने मावशींच्या हातातली बादली हिसकावली आणि त्यांच्या डोक्यावर उपडी केली. कोंबडीची आतडी, सडकी पपई, चहाचा चोथा, सगळं त्यांच्या केसांवरून गळ्यापर्यंत ओघळलं. मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे गच्च मिटले. मग त्याने त्यांना हौदाकडे ढकललं आणि म्हणाला, "जा, तूच बस आत."

झाकण माझ्या हातात होतं. मी ते आडवं फिरवलं. कड त्याच्या भुवईवर बसली, कातडी उघडी पडली आणि रक्त एकदम डोळ्यात उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा झाकण उचललं. त्याने माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. तेवढ्यात माझे मिस्टर आणि आणखी दोघं धावत आले आणि त्यांनी आम्हाला सोडवलं. त्याला चार टाके पडले. माझा खांदा महिनाभर काळानिळा होता. चौकीत दोघांनीही तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. मावशींनी त्याच दिवशी काम सोडलं.

मी ठरवलं, आपल्या घरातलं खरकटं आता त्या हौदात जाणार नाही. मोबाइलवर शोधताना ते यंत्र सापडलं. सिंकच्या खाली बसतं, खरकटं बारीक दळतं आणि पाण्याबरोबर पाइपातून सोडून देतं. सोसायटीचा प्लंबर म्हणाला, पाइप मोठा आहे, चालेल. मी ह्यांना दाखवलं.

"घरात नको ते," हे म्हणाले.

"का?"

"मला विचारतेस का?"

विचारायला नको होतं. हे आधी चाकणला एका कंपनीत पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण त्याने काम हळू होतं म्हणून सुपरवायझरने एक बटण तार गुंडाळून कायमचं दाबून ठेवलं होतं. ह्यांचा उजवा हात पत्रा सरळ करत होता आणि डावा बटणावर गेला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं, तिसरं अर्धं. हॉस्पिटलमध्ये ह्यांनी मला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "आवाज पत्र्याचाच आला गं. वेगळा काही आलाच नाही." आता हे दुसऱ्या कंपनीत स्टोअरला आहेत. मी मिक्सर लावला की हे अजूनही स्वयंपाकघरातून उठून जातात.

मी विषय सोडून दिला. पण पंधरा दिवसांनी मी संध्याकाळी कचरा टाकायला गेले, तर तो तळमजल्यावरचा हौदाच्या कठड्यावर बसलेला. भुवईवर टाक्यांचा व्रण, मांडीवर लोखंडी पाइप. मी डबा रिकामा करेपर्यंत तो पाइप कठड्यावर हळूहळू आपटत राहिला. हे वरून गॅलरीतून बघत होते. मी वर आले तेव्हा ह्यांनी बूट घातलेले होते.

"कुठं निघालात? खाली जायचं नाही," मी दार अडवून म्हणाले.

"खाली नाही. चिंचवडला. ते यंत्र बघून येऊ, चल."

दुकानात चाळिशीचा एक सेल्समन होता, बोलका, मदतीला तत्पर. त्याने दोन प्रकार दाखवले. एकाच्या तोंडाशी नुसता रबराचा पडदा असतो, बटण दाबलं की चालू, वरून कचरा टाकत राहायचं. दुसऱ्याला झाकण. आधी कचरा भरायचा, झाकण बसवून फिरवायचं, तेव्हाच मोटर चालू होते. शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि मक्याची सालं टाकू नका, दोरे गुंडाळले जातात, हेही त्याने सांगितलं.

"पाती आहेत का?" ह्यांनी विचारलं.

"नाही साहेब. थाळी फिरते, तिच्यावर बोथट दात असतात. ते माल कडेच्या जाळीवर घासतात. बघाच."

त्याने पडद्याच्या यंत्रात कोंबडीची हाडं टाकली. आतून जो आवाज आला त्याने माझ्याच दाढा दुखल्या. ह्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण हे हलले नाहीत. मग झाकणाचं यंत्र ह्यांनी स्वतः डाव्या हाताने तपासलं. झाकण लावून चालू, काढून बंद. पाचसहा वेळा केलं.

"हे चांगलं आहे," मला म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आनंद ऐकू आला.

सेल्समनलाही तो ऐकू आला असावा. तो खूश होऊन म्हणाला, "फक्त दरवेळी झाकण लावायचा वहिनींना कंटाळा येतो. झाकणात एक चुंबक असतं, त्यावर सगळा खेळ आहे. मी तसलंच एक आत चिकटवून देतो. मग झाकणाची भानगडच नाही."

ह्यांनी त्याची मान धरली. मी ह्यांना एवढ्या वेगाने हलताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला काउंटरवर पालथा पाडला, त्याचा उजवा हात पिरगळून त्या यंत्राच्या तोंडात मनगटापर्यंत घातला आणि ओरडले, "आता लाव चुंबक! लाव ना! कुठंय चुंबक?" मशीन बंद होतं, तरी तो माणूस लहान मुलासारखा किंचाळत होता. मी ह्यांच्या दंडाला लोंबकळले. दुकानातले दोघं धावले, एकाने ह्यांच्या पाठीत स्टूल मारलं. शेवटी हे सुटले आणि भिंतीला टेकून खाली बसले. तेव्हा सगळ्यांना तो उजवा हात दिसला. सेल्समनच्या मनगटाची सालटी निघाली होती. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो.

रस्ताभर मला ह्यांची भीती वाटत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चार दिवसांनी पहिली शिफ्ट संपवून हे एकटेच त्या दुकानात गेले. काय बोलले मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी झाकणाचं यंत्र घेऊन तोच सेल्समन फिटरबरोबर आमच्या दारात उभा होता, मनगटाला पट्टी बांधून. मला वाटलं होतं तो दुसऱ्या कोणाला पाठवेल. सिंकखालचा सिलेंडर सरकवून फिटरने तासाभरात यंत्र बसवलं. हे खाली वाकून त्याला टॉर्च धरत होते. मी चहा ठेवला.

"साहेब," कप हातात घेऊन सेल्समन म्हणाला, "माझा धाकटा भाऊ भोसरीत प्रेसवर आहे. मी त्याला विचारलं, तुझी दोन्ही बटणं चालतात का रे? तो नुसता हसला."

ह्यांनी कप खाली ठेवला. "रविवारी पाठव त्याला," म्हणाले.

भाऊ आला. मी आत सिंकखालची चक्की चालवत होते, भेंडीची देठं आणि आदल्या दिवशीची हाडं. आवाज थांबला की गॅलरीतून ह्यांचं बोलणं ऐकू यायचं. तो जेवायला थांबला नाही. जाताना चपला घालत म्हणाला, "वहिनी, बटणावरची तार काढा, असं मी उद्या सांगणार सुपरवायझरला."

त्याने सांगितलं. तीन दिवस त्याला घरी बसवलं. चौथ्या दिवशी परत बोलावलं, ते पॅकिंगला, कमी पगारावर. त्याच्या प्रेसवर आता दुसरा माणूस आहे. तार काढली की नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही.