धूर तुमच्याकडचा, खिडक्या माझ्या

मुलांनो, सईला दमा असल्यामुळे सकाळी चहा ठेवण्याआधी मी तुमच्या गावचं हवामान वाचते. आज लिहिलं होतं: हवा कोरडी, वणव्यांचा धूर, आठवडाभर पावसाची शक्यता नाही. ते वाचून मी उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

थोड्या वेळाने आजोबा घाम पुसत आले. "अगं, ऑक्टोबरच्या उन्हात कोंडून मारतेस का? धूर त्यांच्याकडे आहे, पुण्यात नाही."

मी खिडक्या उघडल्या. आभाळ स्वच्छ निळं होतं आणि मला त्याचाच राग आला. हवामानाचा अंदाज अख्ख्या गावासाठी असतो, एका लहान छातीसाठी कुणी तो सांगत नाही. दिवसभर मी कपाटं आवरत राहिले, आवरलेलीच पुन्हा आवरली.

संध्याकाळी, तुमची सकाळ झाल्यावर, फोन केला. सई, तू म्हणालीस, "आजी, मी अगदी बरी आहे, काळजी करू नकोस." एवढं सांगताना तू दोनदा थांबलीस. फोन ठेवल्यावर मी तेच वाक्य म्हणून पाहिलं. सत्तरी ओलांडलेल्या मला ते एका श्वासात म्हणता आलं.